नॅटवालं पाहिजे का साधं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल शहर पानावर रक्तदान शिबिरांची अर्धं पान बातमी वाचली. फोटो छान आले आहेत, भाऊंच्या गळ्यातला हार तर फारच छान. पण खाली जे लिहिलंय की शिबिरातलं सगळं रक्त तपासलेलं असतं, पेशंटच्या घरच्यांनी निर्धास्त राहावं, ते वाचून चहा कडू झाला. रिपोर्टर साहेब कधी रात्री रक्तपेढीच्या काउंटरवर उभे राहिले आहेत काय?

मी राहिलो आहे. मोठ्या वहिनींच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात. (तिथे गाडी लावायला जागा मिळणं हे ऑपरेशनपेक्षा अवघड, पण ते पत्र वेगळं लिहीन.) डॉक्टर म्हणाले दोन पिशव्या आणून ठेवा. सॅम्पलची नळी आणि फॉर्म घेऊन गेलो तर काउंटरवरची पोरगी मान वर न करता विचारते, काका नॅटवालं पाहिजे का साधं? मी लाईट ऑफिसातून रिटायर झालेला माणूस, मला काय माहीत नॅट म्हणजे काय. विचारलं तर म्हणे ते जास्त सेफ असतं, पैसे जास्त लागतात. म्हणजे साधं कमी सेफ का? तर म्हणे नाही नाही, तेही सेफच आहे. मग जास्तीचे पैसे कशाचे घेऊन राहिले बाप्पा? यावर तिने मागच्या माणसाचा फॉर्म ओढला.

तो मागचा माणूस गडचिरोलीकडचा होता, लेकराला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार. सरकारीत त्या ग्रुपची पिशवी नव्हती म्हणून इथे पाठवलेला. खरं म्हणजे सिकलसेल, थॅलेसेमिया असल्या रक्ताच्या आजारवाल्यांना सरकारी रक्तपेढीत रक्त फुकट मिळतं, पण पिशवी असेल तर ना. त्याला तोच प्रश्न केला. त्याने शर्टाच्या आतल्या खिशातून दुमडलेल्या नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि म्हणाला, कमीवालं कोणतं आहे ते द्या. झालं. ज्या लेकराला दर काही दिवसांनी दुसऱ्याचं रक्त चढणार, त्याच्यासाठी कमीवालं, आणि आमच्या वहिनींना आयुष्यात एकदा दोन पिशव्या लागल्या, त्या नॅटवाल्या, कारण माझ्या खिशात पेन्शनचं कार्ड होतं.

नंतर भाच्याने समजावून सांगितलं, तो लॅबमध्ये आहे. कायद्याने प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया एवढी तपासणी करावीच लागते, ती होतेही. पण नेहमीची एलायझा टेस्ट बघते ती मुख्यतः शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली अँटीबॉडी, नाहीतर विषाणूचं प्रोटीन, आणि हे रक्तात सापडण्याइतकं व्हायला वेळ लागतो. एचआयव्हीत दोन-तीन आठवडे, कावीळ सी ची अँटीबॉडी तर दोन-दोन महिने दिसत नाही. तेवढ्या काळात रक्त दिलं तर रिपोर्ट निगेटिव्ह आणि पिशवीत विषाणू हजर. नॅट थेट विषाणूचा जनुकीय माल शोधते म्हणून हा काळ बराच कमी होतो. शून्य होत नाही हेही भाचा बोलला, पण कमी होतो. आणि ही टेस्ट आपल्या देशात सक्तीची नाही! 2022 च्या मे मध्ये याच नागपुरात थॅलेसेमियाच्या चार लेकरांना एचआयव्ही निघाल्याची, त्यातलं एक गेल्याची बातमी आली, चौकशीचे आदेश निघाले, ती बातमी तुम्हीही छापली असेलच. मग काल लिहिताना जुने अंक कोणीच चाळले नाहीत?

आणि शिबिराचं म्हणाल तर आमच्याच वॉर्डातलं ऐका. मंडपात डीजे, रांगेत माझ्यापुढच्या पोराच्या हातावर ताजा टॅटू, अजून कातडी सोलून राहिली होती. टॅटू काढला की वर्षभर रक्त द्यायचं नसतं, फॉर्मवर तसा प्रश्नही असतो. पण फॉर्म भरणाऱ्या कार्यकर्त्याने वरपासून खालपर्यंत एकाच रेघेत सगळ्यांवर 'नाही' ओढलं, सही घेतली आणि पोराला हेल्मेट देऊन मोकळा. कावीळ झाली होती का, गोळ्या सुरू आहेत का, कोणी तोंडाने विचारलंच नाही. मी डॉक्टरांना सांगायला गेलो तर ते म्हणाले काका, तुमचं वय पासष्टच्या वर दिसतं, तुम्ही बसा. बरोबर आहे, नियम फक्त माझ्यासाठीच होता. पैसे घेऊन रक्त विकणं 1998 पासून बंद आहे म्हणतात, आता हेल्मेट नि टिफिन डब्बे घेऊन देतात एवढाच फरक.

तेव्हा साहेब, निर्धास्त राहा वगैरे लिहिण्यापेक्षा एक चौकट छापा. शहरात कोणत्या रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची नॅट होते, कुठे फक्त मागितली तर होते, आणि त्याचे किती घेतात. नावानिशी. जागा नसेल तर एक दिवस राशिभविष्य गाळा, आमच्या घरी तरी कोणी तक्रार करणार नाही.

आपला,
एक जुना वाचक (नाव छापू नये), मानेवाडा, नागपूर