पाटी नक्की कोणाची?

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात गाडीला नंबरप्लेट एकच, मागची. जादा पैसे मोजले की राज्यानं मंजूर केलेली घोषणा किंवा चित्र असलेली पाटीही मिळते. सिग्नलला थांबलं की पुढच्या गाडीवरचं वाचत बसायचं. तिथल्या विधिमंडळानं २०११ मध्ये ‘चूज लाइफ’ ही गर्भपातविरोधी पाटी मंजूर केली, गर्भपाताच्या हक्काची मात्र फेटाळली. २०१४ मध्ये अपील न्यायालयानं हा दुजाभाव घटनाबाह्य ठरवला. पण २०१५ मध्ये टेक्सास राज्यानं नाकारलेल्या कॉन्फेडरेट झेंड्याच्या (यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांच्या झेंड्याच्या) पाटीवरून सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की पाटी म्हणजे सरकारचंच बोलणं, म्हणून काय बोलायचं ते सरकारनंच ठरवावं. झालं, पुढच्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनाचा निकालही फिरला.

त्या झेंड्याला नकार मिळाला याचं मला यत्किंचितही दुःख नाही. पण टेक्सास परराज्यांतल्या कॉलेजांच्याही पाट्या देतं. मग त्यांचे संघ जिंकावेत असं टेक्सास सरकारला वाटतं का, हा त्या निकालाला विरोध करणारे न्यायमूर्ती अलिटो यांचा सवाल बिनतोड आहे. शिवाय बोलणं सरकारचं, तर जादा पैसे गाडीवाल्यानं का मोजायचे? राजकीय पाट्या द्यायच्याच असतील तर दोन्ही बाजूंच्या द्याव्यात, नाहीतर नुसते नंबर ठेवावेत.

– एक वाचक, पुणे