लग्नाची फुलं आंब्याच्या आढीशेजारी ठेवली, त्याबद्दल तक्रार

नमस्कार सर/मॅडम,

एप्रिलच्या सुरुवातीला वेंगुर्ल्यात माझ्या भाचीचं लग्न झालं, फुलांचं सगळं काम तुमच्याकडे होतं. बिलात डेकोरेशनचे पैसे वेगळे आणि 'फ्लॉवर हँडलिंग' म्हणून वेगळा चार्ज, तोही आम्ही घासाघीस न करता दिला. फुलं वाईट होती असं माझं म्हणणंच नाही, कोल्हापूरहून निघताना ती मस्त होती, तुमच्याच माणसाने व्हॉट्सअपवर फोटो पाठवलेले.

पण रात्री ती तुमच्या कुडाळच्या गोडाऊनला उतरवली आणि तिथे शेजारीच हापूसची आढी घातलेली होती, हे ड्रायव्हरनेच सांगितलं. सकाळी खोके उघडले तर आधी आंब्याचा वास आला. ऑर्किडच्या कळ्या हात लावला की गळायच्या, उमललेली होती ती लिबलिबीत, शिरा आरपार दिसत होत्या, आणि कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटलेल्या. अहो पिकत्या आंब्यातून इथिलीन गॅस सुटतो, त्यावरच तर आढी पिकते, आणि त्यानेच ही फुलं झटपट कोमेजतात. हे फुलांचा धंदा करणाऱ्याला माहीत नको? वर काही खोके थेट बर्फाच्या लाद्यांवर, ऑर्किडला 10 डिग्रीच्या खालची थंडी सोसत नाही, त्याच्या पाकळ्यांवर काळे डाग आले.

वरमालेचं तर बघवत नव्हतं. तुमच्याकडे कामाला असलेला मुलगा हार एका टोकाला धरून खांद्यावर टाकून आला, दुसरं टोक पायऱ्यांवरून घासत. काकी ओरडली, "अरे झिला, फुलां आसत ती, पोती नाय!" हार तबकात, केळीच्या पानावर, खालून दोन्ही हातांचा आधार देऊन आणायचा असतो, नाहीतर सगळं वजन एका दोऱ्यावर येतं. आणि नेमकं तेच झालं. त्यात त्याने आयत्या वेळी पाणी मारलं, ते शालूवर ठिपकलं, आणि मंगलाष्टकं चालू असताना पोरीच्या हातातच गोंड्यापाशी दोरा तुटला. अंतरपाटाआड ती दोन तुकडे धरून उभी, डोळ्यांत पाणी. शेवटी भटजींनी गाठ मारून दिली.

त्याच दिवशी आरवलीहून एक बाई सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, घेऊन आली, हंगाम संपत आलेला तरी. पहाटे कळ्या काढून ओवलेल्या, ओल्या केळीच्या पानात गुंडाळून मांडीवर ठेवून एसटीतून आणलेल्या, संध्याकाळपर्यंत घमघमत होत्या. तिने कसलाही हँडलिंग चार्ज लावला नाही.

तर ऑर्किड, कार्नेशन, वरमाला आणि हँडलिंग चार्ज, एवढ्याचे पैसे परत पाहिजेत, शालूच्या ड्रायक्लीनिंगचेही. फोटो सोबत जोडलेत. आणि मे महिन्यातली लग्नं अजून व्हायचीत, तोवर गोडाऊनमधनं एकतर आढी हलवा नाहीतर फुलं, आणि त्या मुलांना हार धरायला शिकवा. पोरांना ओरडू नका, त्यांना कोणी सांगितलेलंच नाहीये. उत्तर फोनवर नको, लेखी द्या.

मुलीची मावशी, वेंगुर्ला