गोळी बदलायची तर

लातूर

प्रिय मंगल,

पत्र मिळालं. थायरॉइडची नेहमीची गोळी सोडून जनऔषधी केंद्रातली स्वस्त घ्यावी का, विचारतेस. शेजारच्या काकूंनी ‘तसल्या गोळ्यांत दम नसतो’ म्हणून तुला घाबरवून ठेवलंय. अगं, थायरोनॉर्म घे, एल्ट्रॉक्सिन घे, नाहीतर जनऔषधीची बाटली घे. लेबलवरची बारीक अक्षरं वाच, सगळीकडे थायरॉक्सिन सोडियमच लिहिलेलं दिसेल. हे हार्मोन १९२७ सालीच प्रयोगशाळेत तयार झालं, आज ते कुणा एकाच्या मालकीचं नाही.

मला काळजी वाटते ती दर महिन्याला गोळी बदलण्याची. तुझी गोळी ५० मायक्रोग्रॅमची, म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग! एवढ्याशा औषधात थोडं कमीजास्त झालं तरी कुणाची छाती धडधडते, कुणी दिवसभर मरगळून पडतं. आणि नावावरही विसंबू नकोस. फ्रान्समध्ये २०१७ साली लेव्होथायरॉक्स या गोळीचं नाव तेच राहिलं, कंपनी तीच राहिली, हार्मोनही तेच. फक्त गोळीत भर म्हणून असलेल्या लॅक्टोजऐवजी मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल घातलं, तर हजारो बायामाणसांनी त्रास होतो म्हणून तक्रारी केल्या.

म्हणून स्वस्तातली खुशाल घे, पण डॉक्टरांना सांगून घे, आणि मग तीच धरून राहा. मेडिकलवाला ‘ताई, हेही तेच आहे’ म्हणून दुसरी बाटली पुढे करेल, तेव्हा कारखान्याचं नाव बघ. जनऔषधीचा मालही वेगवेगळ्या कारखान्यांतून येतो. बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे मात्रा बरोबर बसली का ते सांगणारी रक्ताची तपासणी, करायचीच. हे औषध अंगातून निम्मं उतरायलाच आठवडाभर लागतो, त्यामुळे चार दिवसांत ‘गुण आला नाही’ म्हणून सोडून देऊ नकोस.

आणखी एक, आपल्याकडच्या उन्हाचं. ही गोळी २५ अंशांच्या आत ठेवायची असते, आणि वैशाखात तुमच्या पत्र्याखाली काय फुफाटा असतो ते मी पाहिलंय. चुलीजवळच्या फळीवरून बाटली आधी हलव. आतल्या खोलीतल्या कपाटात, अंधारात, कोरड्या जागी ठेव. माठाशेजारीही नको, ओल लागते. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासानं. कॅल्शियमची गोळी मात्र चार तासांनंतरच.

सुनेला दिवस गेलेत आणि तिचीही हीच गोळी चालू आहे, असं लिहिलंस. तिची आत्ता अजिबात बदलू नका. गरोदरपणात बहुतेकींना मात्रा वाढवावी लागते, पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीला आईच्याच हार्मोनवर असते. पैसे वाचवायचे तर तुझ्या बाटलीत वाचव, तिच्या नको. तिला याच आठवड्यात डॉक्टरांकडे ने आणि टीएसएच किती आला ते मला लगेच फोनवर सांग.

तुझीच,
शोभा