रविवारची बैठक : नॉर्बर्ट वीनर

मंडळी, नमस्कार. रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी जमायचंय, विसरू नका.

अमेरिकन गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर १४व्या वर्षी पदवीधर झाले, १८व्या वर्षी हार्वर्डचे पीएचडी. १९४८ मध्ये सायबरनेटिक्सचा, म्हणजे यंत्रं आणि सजीव यांच्यातल्या नियंत्रणाच्या व संदेशवहनाच्या शास्त्राचा, पाया घातला. पण मला सांगायचंय ते आठ वर्षांच्या नॉर्बर्टबद्दल. डोळ्यांसाठी डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद केलं, तेव्हा हा पोरगा नुसतं ऐकून मनातल्या मनात गणितं सोडवायचा. चुकलं की वडिलांचा आवाज चढायचा. तो धाक त्यांना आयुष्यभर पुरला, आत्मचरित्रात त्यांनी ते मोकळेपणाने लिहिलंय.

१९४७ मध्ये क्षेपणास्त्रांसाठी आपलं संशोधन द्यायला त्यांनी जाहीर नकार दिला, त्यावरही बोलूच.

घरात आठवी-नववीतली मुलं असतील तर जरूर आणा. शुक्रवारपर्यंत इथेच कळवा, म्हणजे चहाचा अंदाज येईल.