भोक पाडण्याआधी गिटारचा नट तपासा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इलेक्ट्रिक गिटारला ‘ट्रेमोलो’, म्हणजे दांड्यानं तारांचा स्वर हलवणारी यंत्रणा, बसवून घेण्याविषयी मजकूर आला. दांडा कसा हलवायचा हे त्यात होतं, पण तो बसवताना काय बिघडतं हे नव्हतं. गणेशोत्सव जवळ आला की इंदुरात वाद्यवृंदांच्या तालमी सुरू होतात आणि नेमक्या त्याच घाईत गिटारींना भोकं पाडली जातात. मग दांडा एकदा दाबला की गिटार बेसूर होते, दोष त्या नव्या भागावर जातो, तो काढून टाकला जातो आणि लाकडातली भोकं तशीच राहतात. बहुतेक वेळा दोष त्या भागात नसतोच. तो असतो तारेच्या दुसऱ्या टोकाला, नटमध्ये. नट म्हणजे मानेच्या टोकाशी, खुंट्यांच्या अलीकडची खाचांची पट्टी.

आधी नावाचा घोळ. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं, व्हायब्राटो म्हणजे स्वर खाली-वर होणं. दांड्यानं स्वर हलतो, म्हणून ते व्हायब्राटोच. अमेरिकी गिटार-निर्माता लिओ फेंडरनं १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) ही गिटार आणली तेव्हा या यंत्रणेला ट्रेमोलो म्हटलं आणि त्याच कंपनीच्या अॅम्प्लिफायरवर, जिथं प्रत्यक्षात आवाजच लहान-मोठा होत असे, तिथं ‘व्हायब्राटो’ लिहिलं गेलं. तेव्हापासून ही अदलाबदल चालत आली आहे. दुकानात सुटा भाग मागताना ‘ट्रेमोलो’ म्हणावं लागलं तर म्हणावं. आवाज बदलणारं पायाचं पेडल विकत घेताना मात्र फरक लक्षात असू द्यावा, नाहीतर भलतंच हातात पडतं.

ज्यांची गिटार स्ट्रॅटच्या घाटाची आहे त्यांनी काहीच विकत घेऊ नये. आपल्याकडे शिकाऊ मुलांच्या हातात असतात त्या गिटारी बहुतेक याच घाटाच्या आणि त्यांत ही सोय मुळातच असते. ती जुळवलेली नसते एवढंच. पाठीवरचं झाकण काढलं की स्प्रिंगा दिसतात, सहसा तीन. त्या ज्या पंजाला अडकवलेल्या असतात त्याचे दोन स्क्रू आवळले की ब्रिज, म्हणजे धडावर तारा टेकतात तो भाग, मागं बसतो, सैल केले की पुढं कलतो. सुरात लावलेल्या गिटारीत ब्रिजची मागची कड लाकडापासून सुमारे ३.२ मिलिमीटर उचललेली असावी, म्हणजे दांडा दाबूनही चालतो आणि थोडा ओढूनही. पुढच्या सहा स्क्रूंपैकी मधले चार किंचित सैल ठेवावेत, भार टोकाच्या दोनांवर राहू द्यावा. सहाही आवळले की ब्रिज दरवेळी वेगळ्याच जागी परत येतो.

इथंच तारांच्या जाडीचाही प्रश्न येतो. ०.०१० ते ०.०४६ इंचांचा संच नेहमीच्या सुरात लावला की सहा तारांची एकूण ओढ सुमारे ४७ किलो भरते, ०.००९ ते ०.०४२ च्या संचाची ३८-३९ किलो. म्हणजे संच बदलला की स्प्रिंगांवर आठ किलोंचा फरक पडतो आणि ते ३.२ मिलिमीटर कुठच्या कुठे जातात. संच एकदा ठरवावा आणि मगच पंजा जुळवावा.

आता ज्या गिटारींना मुळात दांडा नसतो त्यांच्याविषयी. त्यांना बाहेरून जोडायचा सर्वांत जुना आणि भरवशाचा प्रकार म्हणजे बिग्सबी. कॅलिफोर्नियातल्या पॉल बिग्सबीकडे मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकानं आपल्या वाद्यावरचा कॉफमनचा ‘व्हायब्रोला’ हा आधीचा दांडा आणला, कारण तो सुरात राहत नव्हता. त्यातून बिग्सबीनं स्वतःचा टेलपीस, म्हणजे तारांची मागची टोकं धरणारा भाग, घडवला. या यंत्राचा जन्मच मुळी ‘परत सुरात का येत नाही’ या तक्रारीतून झाला आहे. यात तारांची टोकं एका फिरत्या दांडीवरच्या खुंट्यांना अडकतात आणि दांड्याखाली एकच जाड स्प्रिंग असते. स्वर साधारण अर्धा ते एक सूर खाली जातो, वर त्याहून कमी. तारा पार लोंबकळवणारा प्रकार हवा असेल तर तो बिग्सबीकडून मागू नये.

बिग्सबीचा नमुना निवडताना गिटारचा दर्शनी भाग पाहावा. भरीव आणि सपाट असेल तर बी-५, गिब्सनच्या लेस पॉल गिटारसारखा फुगीर असेल किंवा आत मधोमध लाकडाचा ठोकळा असलेली पातळ पोकळ गिटार असेल तर बी-७. पूर्ण पोकळ गिटारीला बी-३ किंवा बी-६, कारण ते मागच्या कडेच्या ठोकळ्यात बसतात आणि वरच्या पातळ फळीत स्क्रू जात नाही. पोकळ गिटारच्या फळीत बी-७ चे स्क्रू घातले तर ते तारांच्या ओढीनं उपटून येतात. फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारच्या घाटात तारा पाठीतून येतात, त्यामुळे तिथं ब्रिजच बदलावा लागतो.

बी-५ आणि बी-७ मध्ये तारा एका आडव्या दाबपट्टीखालून जातात. तिच्यामुळे तारा ब्रिजवर घट्ट बसतात, जोरात वाजवलं तरी खाचेतून उडत नाहीत. पण ब्रिजवर तार जितकी जास्त वाकते तितकं घर्षण वाढतं. कोन फार उभा दिसत असेल तर ब्रिजचा रोलर प्रकार, ज्यात तार छोट्या चाकांवरून सरकते, घेणं जवळजवळ सक्तीचं समजावं.

शक्य असेल तर भोक पाडूच नये. जुन्या टेलपीसच्याच जागा वापरून बसणारी व्हायब्रामेट नावाची पट्टी मिळते. तिच्यावर बी-५ किंवा बी-७ जोडता येतो आणि उद्या मन बदललं तर गिटार जशी होती तशी परत मिळते. पहिल्यांदा बसवणाऱ्यानं हाच मार्ग धरावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

भोक पाडायचंच असेल तर मध्यरेषा गिटारच्या धडावरून काढू नये. धडाचा मध्य आणि मानेचा मध्य एकच असेल याची खात्री नसते. दोन्ही टोकांच्या, म्हणजे पहिल्या आणि सहाव्या तारा हलक्या ओढीनं लावाव्यात, टेलपीस चिकटपट्टीनं धरून ठेवावा आणि तो डावी-उजवीकडे सरकवत पाहावं. फ्रेटबोर्डच्या, म्हणजे मानेवरच्या पट्टीच्या, दोन्ही कडांपासून तारांचं अंतर सारखं झालं की तीच खरी जागा. मग पॉलिशवर मास्किंग टेप लावून टोच्यानं खुणा कराव्यात. ड्रिलचा बिट स्क्रूच्या आट्या सोडून आतला जो गाभा उरतो त्याच्या जाडीचा असावा. कॅलिपरनं मोजून मगच बिट आणायला सियागंजच्या बाजारात जावं. खोली किती हे बिटवर टेपची पट्टी गुंडाळून ठरवावं. छिद्राचं तोंड मोठ्या बिटनं हातानंच किंचित रुंद करावं, नाहीतर स्क्रू आत जाताना पॉलिशचा टवका उडतो. स्क्रूला मेण किंवा साबण लावून हातच्या स्क्रूड्रायव्हरनं फिरवावा. मशीननं आवळताना कठीण लाकडात स्क्रूचं डोकं तुटतं आणि मग ते काढायला जे भोक पडतं ते पहिल्याच्या दुप्पट असतं.

तारा चढवणं हे बिग्सबीचं सर्वांत चिडवणारं काम. तारेच्या टोकाचा गोळा खुंटीवर ठेवला की तार ताणेपर्यंत तो निसटतो. उपाय सोपा आहे: चढवण्याआधी गोळ्याजवळचा भाग पेन्सिलीभोवती वळवून त्याला आकड्यासारखा बाक द्यावा. तार ताणून धरून मानेवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की दोन्ही हात मोकळे होतात. मानेच्या टोकाच्या, सूर लावायच्या खुंटीवर साध्या तारेचे दोन-तीन वेढे, गुंडाळीच्या तारेचे दीड-दोन. जास्त वेढे म्हणजे घसरायला जास्त जागा. स्प्रिंगखालची चकती कुठं आहे याकडे लक्ष ठेवावं, तारा सैल झाल्या की ती आधी पडते.

एवढं झालं तरी काम अर्धंही झालेलं नसतं, कारण आता तारेला दोन ठिकाणांवरून सरकायचं आहे: ब्रिजवरून आणि नटवरून. दांडा नसतो तेव्हा तार तिथं अडकली तरी फारसं कळत नाही. दांडा आला की दरवेळी कळतं. ज्या गिटारींच्या खुंट्या तीन-तीन दोन्ही बाजूंना असतात, त्यांत तिसरी आणि चौथी तार नटमधून निघाल्यावर बाजूला वळते, म्हणून सर्वांत आधी त्या अडतात. खुंटी फिरवताना ‘टिंग’ असा आवाज आला तर खाच अरुंद आहे असं समजावं.

कुठं अडतंय ते कानानं ओळखता येतं. दांडा दाबून सोडला आणि तार चढी परत आली तर दोष नटकडे. उतरी परत आली तर ब्रिजकडे. कारण असं: दांडा दाबल्यावर तार सैल पडते आणि तिचा थोडा भाग नटमधून खुंटीकडे सरकतो. सोडल्यावर तो परत यायला हवा; आला नाही तर वाजणारा भाग जास्त ताणलेला राहतो. ब्रिजवर याच्या उलट घडतं: तारेचा थोडा भाग ब्रिज ओलांडून मानेच्या बाजूला येतो आणि सोडल्यावर परत मागं जात नाही. खात्री करायची तर नट आणि खुंटी यांच्या मधली तार बोटानं एकदा दाबून सोडावी. स्वर बदलला तर नटच गुन्हेगार. आणि दांडा कधी दाबा, प्रत्येक वेळी स्वर उतरतच गेला, कधीच स्थिर झाला नाही, तर घर्षण सोडून खुंटीवरचे वेढे आणि गोळ्याची बैठक पाहावी.

नटची खाच रुंद करायला खास कानस मिळते; ती नसेल तर त्याच जाडीच्या जुन्या गुंडाळीच्या तारेचा तुकडा खाचेत मागं-पुढं फिरवला तरी काम होतं. खाच खुंटीच्या दिशेनं किंचित उतरती हवी. खोल मात्र करू नये: खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि मग नवा नट घडवण्यावाचून गत्यंतर नाही. शेवटी मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासावं, प्रत्येक वेळी तारा बदलताना पुन्हा. फुकटातल्या या एका उपायानं बरीच भांडणं मिटतात.

ब्रिजवर दोनच गोष्टी चालतात. एक तर तार सॅडलवरून, म्हणजे ब्रिजवर ती टेकते त्या तुकड्यावरून, सहज सरकावी, नाहीतर ब्रिज तारेबरोबर झुलून तितकाच परत यावा. मधलं काही झालं, म्हणजे ढिल्या खांबांवर ब्रिज कलला आणि कललेलाच राहिला, तर सूर कधीच टिकणार नाही. रोलर ब्रिज घेताना दोन खांबांमधलं अंतर आणि खांबांची जाडी दोन्ही मोजावीत, नुसतं नाव सांगून मागवू नये. हलक्या प्रतीच्या रोलरमध्ये घाम आणि धूळ साचून ते अडतात किंवा खुळखुळतात. पातळ तेलाचा एक थेंब पुरे. हे सगळं करण्याआधी मान सरळ आहे ना ते पाहिलेलं असावं, कारण वैशाखातल्या कोरड्या हवेत जुळवलेली गिटार श्रावणात तशीच राहत नाही.

सूर लावून झाल्यावर दांडा दोन-तीनदा दाबून सोडावा आणि मगच शेवटचा सूर लावावा. वाजवताना मधूनमधून हीच सवय ठेवावी.

वाजवण्याबद्दल थोडंच. बोटानं तार ओढली की स्वर फक्त वर जातो. दांड्यानं तो खाली नेऊन परत आणता येतो: आधी दांडा दाबायचा, मग तार छेडायची आणि सोडत सोडत स्वरावर यायचं. अमीर खाँसाहेबांच्या शहरात मींड म्हणजे काय हे सांगायला नको. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार ऋषभाकडे झुकतो, तो झोल दांड्यानं देता येतो. पण एक मर्यादा पक्की ध्यानात ठेवावी: दांडा सहाही तारा एकदम हलवतो आणि प्रत्येक तार सारखी उतरत नाही. सोबत षड्जाची मोकळी तार वाजत असेल तर तीही डळमळते. तिथं बोटच वापरावं. पूर्ण कॉर्डवर दांडा अगदी हलका हवा, शेवटचा कॉर्ड विरताना नुसती थरथर येईल इतका.

आता जे सर्रास विसरलं जातं ते. जुन्या टेलपीसच्या खांबाला आतून अर्थिंगची वायर जोडलेली असते. टेलपीस काढला की तारांचा अर्थिंगशी संबंध तुटतो, गिटार गुणगुणू लागते आणि तारेला हात लावूनही ती थांबत नाही. नव्या टेलपीसच्या धातूखाली ही वायर उघडी करून दाबावी किंवा आतून नवी ओढावी. जेलरोडवर साधा मल्टीमीटर मिळतो: एक टोक तारेवर, दुसरं जॅकच्या बाहेरच्या धातूवर, काही ओहमांच्या आत आकडा आला की जोडणी झाली. आणि एकदा ती झाली की तारा थेट अॅम्प्लिफायरच्या सांगाड्याला जोडल्या जातात. मंडपात अॅम्प्लिफायर दोन पिनांच्या प्लगवर किंवा अर्थची पिन कापून चालवला असेल, त्याच्या सांगाड्यात वीज झिरपत असेल आणि वादकानं एका हातात तार धरून ओठ माईकला लावले, तर धक्का थेट छातीतून जातो. बोर्डावर अर्थिंग आहे का हे मंडळाच्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय गिटार अॅम्प्लिफायरला लावू नये.

आपला,
गिटार दुरुस्ती करणारा एक वाचक,
इंदूर