इतिवृत्त कोण लिहिणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिलांनी कार्यालयात ठामपणे कसं बोलावं, हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. खांदे मागे, नजर समोर, ‘सॉरी’ कमी. लेख छान आहे. सोबतचा हाताची घडी घातलेल्या बाईचा फोटोही छान. ही बाई मी वीसेक वर्षं पुरवण्यांत पाहते आहे, तिची घडी काही सुटलेली नाही.

नकार देताना कारणं देत बसू नका, तेच वाक्य शांतपणे पुन्हा म्हणा, असं लेखिका सांगतात. करून पाहिलंय. आमच्या विभागाच्या बैठकांचं इतिवृत्त मी ६ वर्षं लिहीत होते. तशी नेमणूक नव्हतीच. ‘मॅडम, तुमचं लिखाण नीटनेटकं असतं, आजच्या दिवस जरा उतरवून घ्या,’ एवढंच. तो आजचा दिवस ६ वर्षं चालला. लिहिणाऱ्याला बोलता येत नाही, हे लिहून पाहिल्याशिवाय कळत नाही. वाक्य पुरं होईस्तोवर पुढचा विषय निघालेला असतो.

शेवटी एकदा मी म्हणाले, ‘आज लिहिणार नाही, मला या विषयावर बोलायचं आहे.’ साहेब हसले. मी तेच पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली नाही, कारण वही सरकली शेजारच्या नव्या मुलीपुढे. तिला रुजू होऊन आठवडा झाला होता. तिला ‘सॉरी’ म्हणायचं माझ्याकडून राहिलंच. आपल्या लेखाप्रमाणे ते योग्यच झालं म्हणायचं.

मी बोलले, मुद्दा मान्यही झाला. वर्षअखेर मूल्यमापनात शेरा आला, ‘काम उत्तम, सहकार्याची वृत्ती वाढवावी.’ त्याच बैठकीत टेबलावर हात आपटणाऱ्या सहकाऱ्याच्या शेऱ्यात ‘नेतृत्वगुण’ होते. त्यांनीच कौतुकाने दाखवलं.

अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग लेखिकेने जरूर पाहावेत. बढतीला उपयोग नसलेलं काम मिश्र गटात बायकाच जास्त वेळा अंगावर घेतात. कोणाला सांगायचं हे एकाने ठरवायचं असेल, तर बायकांना ४४ टक्के जास्त वेळा विचारलं जातं, आणि विचारणारी बाई असली तरी तेच. गट नुसत्या पुरुषांचा असला की मात्र पुरुष बिनबोभाट पुढे होतात. म्हणजे त्यांनाही हात वर करता येतो!

तेव्हा पुढचा लेख साहेब लोकांसाठी छापा. दोन ओळी पुरतील : नावं वर्णानुक्रमे लावावीत, दर बैठकीला पुढचं नाव.

जाता जाता. माझं मागचं पत्र छापलंत, आभार. ते निवृत्तिवेतनाच्या हिशेबाबद्दल होतं. मथळा दिलात ‘एका गृहिणीची व्यथा’. मी २१ वर्षं नोकरीत आहे. या वेळी मथळा मीच दिलाय, आणि काटछाट करायचीच तर फोटोवाला परिच्छेद काढा, वर्णानुक्रमाचा नको.

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये. मूल्यमापन तोंडावर आलंय.)