लघवीचं विचारता, तर पुढचंही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला बायकांच्या लघवीच्या संसर्गावरचा लेख वाचला. भरपूर पाणी प्या, लघवी दाबून ठेवू नका, स्वच्छता राखा; सगळं बरोबर. आठव्या क्रमांकावर एक ओळ होती, 'शरीरसंबंधांनंतर लघवीस जाऊन यावे.' बस. का जावं, त्या दोन गोष्टींचं एकमेकींशी नातं काय, याबद्दल अवाक्षर नाही. नववा मुद्दा थेट सुती कपड्यांचा. माझी तक्रार त्या न लिहिलेल्या भागाबद्दल आहे, कारण माझी पंचवीस-तीस वर्षं त्या भागातच गेली.

मी 62 वर्षांची, बँकेतली निवृत्त कॅशियर. कॅश काउंटरवरून उठायचं म्हणजे रोख ड्रॉवरमध्ये टाकायची, कुलूप लावायचं, किल्ली जवळ ठेवायची आणि रांगेतल्या माणसांचे चेहरे बघत बाहेर पडायचं. त्यापेक्षा पाणीच कमी प्यावं, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. सकाळी दहाला बसले की दुपारी अडीच-तीनला उठायची. घरी मात्र उलटा कारभार. बाहेर पडण्याआधी एकदा, झोपण्याआधी दोनदा, 'असू दे, जाऊन येते' म्हणत. आमचे हे जवळ येणार असं दिसलं की त्याआधीही एकदा. एवढं करून ऐन वेळी लघवी लागल्याची तीच कळ यायची. मी अंग चोरायची, 'थांबा' म्हणायची आणि उठून जायची. जाऊन बसावं तर चार थेंब. परत येईपर्यंत हे पाठ करून झोपलेले. मी टाळते, असं त्यांना वाटायचं. मला गादी ओली व्हायची धास्ती. दोघांपैकी कुणीच तोंड उघडलं नाही.

त्यात उन्हाळी लागायची. एका वर्षात तर तीनदा. तीन वेगळ्या डॉक्टरांकडे गेले, तिघांनी लघवी तपासली, कल्चरमध्ये ई. कोलाय नावाचे जंतू निघाले, गोळ्या मिळाल्या, 'पाणी प्या' झालं. संबंधांनंतर दुसऱ्या दिवशी जळजळ सुरू होते का, हे एकानेही विचारलं नाही. आपण होऊन सांगायची माझी छाती नव्हती.

गेल्या वर्षी कंबरेसाठी म्हणून एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. कंबर तपासता तपासता म्हणाली, "काकू, संबंधाच्या वेळी लघवी लागल्यासारखं वाटतं का?" पंखा लावू का, असं विचारावं तशा आवाजात. मी 'नाही' म्हटलं. चपला घातल्या, दारापर्यंत गेले आणि परत आले.

तिने तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. किती वाजता काय प्यायलं, किती वाजता किती मिली लघवी झाली. हे काम माझ्या हातचं होतं. मापाचा एक जग त्यासाठीच बाजूला काढला आणि वहीत डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. पहिल्या दिवशी 11 वेळा गेले. 60, 80, 90, पुन्हा 60. पहाटे झोपेतून उठल्यावर मात्र एकदम 420. आकड्यांनी माझं बिंग फोडलं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात 400 ते 500 मिली सहज मावतं आणि पहिली जाणीव साधारण दीडशे-दोनशेला होते. माझी पिशवी लहान नव्हतीच. ऑफिसात तिला ताणून आणि घरी रिकामी करकरून मीच तिचं वेळापत्रक बिघडवलं होतं.

मग ऐन वेळी लागायची ती काय? योनीची पुढची भिंत मूत्रमार्गाला आणि मूत्राशयाला अगदी खेटून असते. तिथे दाब आला की लघवी लागल्याचाच भास होतो, आत लघवी असो वा नसो. शिवाय शिश्निका (क्लिटोरिस) म्हणजे बाहेर दिसतं तेवढंच बोंड नव्हे. तिचा बहुतेक भाग आत असतो आणि तो मूत्रमार्गाला दोन्ही बाजूंनी वेढतो. ऑस्ट्रेलियातल्या हेलन ओकॉनेल यांनी हे नीट दाखवलं 1998 साली. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हेत, लघवीच्या विकारांच्या सर्जन, हे मला फार आवडलं. आणि संदेशही एकाच वाटेने जातात. माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडातून निघणाऱ्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या नसा मूत्राशयाकडेही जातात आणि जननेंद्रियांकडेही. एकाच काउंटरवर दोन खिडक्यांचे कागद आले तर गल्लत व्हायचीच. मी सुखाचा कागद लघवीच्या ट्रेमध्ये टाकत होते, तीस वर्षं.

आता जे लिहिते ते लिहावं की नाही, यावर दोन दिवस घालवले. कधी कधी न जाताच राहिले तर, पिशवी अर्धवट भरलेली असताना, मला जास्त सुख लागायचं. याची मला इतकी लाज वाटे की ते मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. त्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "भरलेली पिशवी शेजाऱ्यावर रेलते काकू, त्यात विकृत काय?" काहींना ते हवंहवंसं वाटतं, काहींना नकोसं, दोन्हीत वावगं काही नाही. मात्र त्यासाठी मुद्दाम कळ येईपर्यंत तुंबवून ठेवायची सवय लावू नका, म्हणाली. पिशवी वारंवार अति ताणली गेली की नीट रिकामी होत नाही, आणि साचलेल्या लघवीत जंतूंना आयतं घर मिळतं. आणि भरताना दुखत असेल, केल्यावरच बरं वाटत असेल, तर ते सुखाचं प्रकरण नाही, आजाराचं आहे, तपासून घ्यायचं.

मैत्रिणींकडून ऐकून मी केगलचे, म्हणजे लघवी रोखणारे खालचे स्नायू आवळायचे, व्यायाम करत होते. आर्नल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने ते 1948 मध्ये बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांसाठी सांगितले. आणि 1952 मध्ये त्याच स्नायूंचा कामसुखाशी असलेला संबंधही लिहिला. म्हणजे हे नातं तेव्हाच कागदावर आलं होतं. पण माझ्यासाठी ते व्यायाम चुकीचे निघाले. "तुमचे स्नायू सैल नाहीत, मुठीसारखे आवळलेत," ती म्हणाली. काउंटरवर तासन् तास दाबून बसलेली बाई दुसरं काय करणार? मला आवळायचं नव्हतं, सोडायला शिकायचं होतं. पोटात श्वास घ्यायचा, सोडताना खालचा तळ सैल होऊ द्यायचा. सोबत, लघवी लागली असं वाटलं की आधी पंधरा मिनिटं थांबायचं, मग अर्धा तास. सातव्या आठवड्यात मी तीन तासांवर आले. ज्यांची संबंधाच्या वेळी किंवा सुखाच्या शिखरावर खरोखरच लघवी निसटते त्यांचं कारण वेगळं असतं, पण त्यावरही उपचार आहेत. गादीवर प्लॅस्टिक अंथरून आयुष्य काढायची गरज नाही.

उन्हाळीचंही गणित सुटलं. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. संबंधात गुदद्वाराजवळचे जंतू पुढे ढकलले जातात आणि तेवढा पल्ला त्यांना सहज जमतो. आपल्या लेखातल्या आठव्या मुद्द्यामागे हे आहे. नंतर जाऊन यावंच, तोटा काहीच नाही; पण त्याचा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. पाण्याचा आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या 140 बायकांवरचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. शुक्राणुनाशक मलमांनी धोका वाढतो, आणि पाळी गेल्यावर कोरड्या, पातळ झालेल्या त्वचेनेही. त्यासाठी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मला स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलं, तेही मी तोंड उघडल्यावर.

यांचीही गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीने. वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी टॅमसुलोसिनची गोळी सुरू झाली, धार सुधारली, आणि वीर्य येईनासं झालं. त्या गोळीने असं होऊ शकतं, हे देणाऱ्याने सांगितलं नाही. यांनी घाबरून गोळी गुपचूप बंद केली आणि एका रात्री लघवी पार अडकली. लघवीचा डॉक्टर लघवीपुरतंच बोलला, त्याची किंमत नळी घालून चुकवावी लागली.

म्हणून विनंती. पुढच्या पुरवणीत तो आठवा मुद्दा वर घ्या आणि त्याला पान द्या. डॉक्टर मंडळीही आपलं वर्तमानपत्र वाचतात. त्यांनी लघवीचा रिपोर्ट हातात घेतल्यावर त्या मुलीने विचारला तो एक प्रश्न विचारावा, तिच्याच आवाजात. पेशंट 'नाही' म्हणेल. दार उघडं ठेवावं.

आपली,
एक निवृत्त कॅशियर
(नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे, छापू नये.)

ता. क. हे पत्र यांनी वाचलं. पहाटेचा आकडा 430 होता म्हणतात, जग उजेडात त्यांनीच धरला होता. वही काढून पाहिली. 420च आहे.